ॲपियम

ॲपियम हे मोबाईल ॲपच्या दर्शनी भागाची स्वयंचलित चाचणी घेण्यासाठी वापरले जाणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. बटण दाबणे, यादी सरकवणे, चौकटीत मजकूर भरणे, पडद्यावर आलेले उत्तर वाचणे अशी जी कामे माणूस बोटाने आणि डोळ्याने करतो, ती ॲपियम आज्ञावलीच्या साहाय्याने करते. निकाल अपेक्षेप्रमाणे आला की नाही, हे त्यावरून चाचणी लिहिणाऱ्याला पडताळता येते. अपाची २.० परवान्याखाली ते कोणालाही विनामूल्य वापरता व बदलता येते. ओपनजेएस फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली हा प्रकल्प चालतो. अँड्रॉइड आणि आयओएस ही त्याची मुख्य क्षेत्रे असली, तरी संगणकावरील सॉफ्टवेअर आणि दूरचित्रवाणी संचावरील ॲप यांच्यासाठीही त्याचा वापर होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची तिसरी मुख्य आवृत्ती प्रसिद्ध झाली.

ॲपियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. मात्र ते ज्या यंत्रणांवर उभे आहे, त्या ॲपल आणि गूगल या दोन कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. या विसंगतीतून प्रकल्पाच्या बहुतेक अडचणी निर्माण झाल्या आहेत. गेल्या काही वर्षांतील त्याचे मोठे निर्णयही तिच्याच संदर्भात समजून घ्यावे लागतात.

नाव आणि उगम

२०११ मध्ये डॅन क्वेलर हे झूस्क या अमेरिकी कंपनीत चाचणी विभागाचे व्यवस्थापक होते. आयफोनवरील ॲपची चाचणी घेण्यासाठी ॲपलने त्या काळी युआयऑटोमेशन ही सोय दिली होती. तिच्यात चाचणी जावास्क्रिप्टमध्येच लिहावी लागे आणि ती ॲपलच्या इन्स्ट्रुमेंट्स या साधनातूनच चालवावी लागे. बाहेरून, आपल्या पसंतीच्या भाषेत, एकेक आज्ञा देत चाचणी चालवण्याची मुभा तिच्यात नव्हती. क्वेलर यांनी आतल्या स्क्रिप्टला बाहेरून आज्ञा पुरवत राहण्याची एक युक्ती शोधली आणि तिच्या आधारे सी-शार्प भाषेत आयओएसऑटो हे साधन तयार केले.

२०१२ मध्ये लंडन येथे भरलेल्या सिलेनियम परिषदेत त्यांनी ते दाखवले. ब्राउझरच्या चाचणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सिलेनियमचे एक जनक जेसन हगिन्स यांना ही कल्पना भावली. ऑगस्ट २०१२ मध्ये मूळ आज्ञावली गिटहबवर खुली झाली. आधी सी-शार्पमध्ये आणि लगोलग पायथनमध्ये. हगिन्स यांनी तिच्यापुढे एक वेब सर्व्हर बसवला आणि सिलेनियमचीच संवादपद्धती तिला जोडली. त्यामुळे सिलेनियमसाठी चाचण्या लिहिणाऱ्या मंडळींना आपले कौशल्य फोनवरही वापरता येऊ लागले. प्रकल्पाच्या पुढील प्रसाराला मूळ युक्तीपेक्षा ही जोडणीच अधिक कारणीभूत ठरली, असे म्हणता येईल.

प्रकल्पाला प्रथम ॲपलकार्ट असे नाव देण्यात आले होते. ॲपलच्या व्यापारचिन्हविषयक नियमांकडे पाहता ते टिकणारे नव्हते. 'ॲपसाठीचे सिलेनियम' या अर्थाने मग ॲपियम हे नाव घेण्यात आले. ॲपलच्या नियमांना पाहून पवित्रा बदलण्याची प्रकल्पावर आलेली ही पहिली वेळ. पुढे अशा वेळा अनेकदा आल्या.

जानेवारी २०१३ मध्ये हगिन्स यांनी सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या सॉस लॅब्स या कंपनीने प्रकल्पामागे पूर्ण ताकद लावली. जोनाथन लिप्स यांच्या नेतृत्वाखाली ॲपियम नोड.जेएसमध्ये नव्याने लिहिले गेले, अँड्रॉइडचा आधार त्यात आला आणि मे २०१४ मध्ये १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये सॉस लॅब्सने प्रकल्प जेएस फाउंडेशनच्या स्वाधीन केला. २०१९ मध्ये ही संस्था नोड.जेएस फाउंडेशनमध्ये विलीन होऊन ओपनजेएस फाउंडेशन अस्तित्वात आले.

रचना

ॲपियमचा गाभा म्हणजे एक सर्व्हर. तो चाचणी घेणाऱ्याच्या संगणकावर, सहसा ४७२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. चाचणी जावा, पायथन, रुबी, जावास्क्रिप्ट, सी-शार्प अशा कोणत्याही भाषेत लिहिलेली असू शकते. 'अमुक खुणेचे बटण शोध', 'ते दाब', 'त्यावरील मजकूर वाचून सांग' अशा विनंत्या तिच्याकडून एचटीटीपीद्वारे सर्व्हरकडे जातात. या विनंत्यांचे स्वरूप वेबड्रायव्हर प्रमाणकाने ठरवले आहे. मुळात ब्राउझरसाठी घडलेले हे प्रमाणक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जून २०१८ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून स्वीकारले.

सर्व्हर स्वतः फोनला हात लावत नाही. ते काम 'ड्रायव्हर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घटकाकडे असते. अँड्रॉइडसाठीचा युआयऑटोमेटर२ ड्रायव्हर फोनवर एक छोटा सर्व्हर बसवतो आणि तो गूगलच्या युआयऑटोमेटर या यंत्रणेशी बोलतो. आयओएससाठीचा एक्ससीयुआयटेस्ट ड्रायव्हर वेबड्रायव्हरएजंट नावाचा दुवा वापरतो. हा दुवा फेसबुकने तयार करून २०१५ मध्ये खुला केला. फेसबुकने पुढे त्यातून अंग काढून घेतले, तेव्हापासून त्याची देखभाल ॲपियमकडे आहे.

प्रकल्पाने आरंभीच काही तत्त्वे जाहीर केली होती. चाचणीसाठी ॲपमध्ये काहीही मिसळावे लागू नये. ग्राहकाच्या हाती जे ॲप पडणार, त्याचीच चाचणी व्हावी. चाचणी लिहिणाऱ्यावर विशिष्ट भाषेची सक्ती नसावी. स्वयंचलनाची यंत्रणा नव्याने घडवण्याऐवजी फोनच्या निर्मात्याने दिलेलीच वापरावी. आणि सॉफ्टवेअर नावापुरते नव्हे, व्यवहारातही मुक्त असावे. पहिल्या दोन तत्त्वांनी ॲपियमला लोकप्रिय केले, तर तिसऱ्याने त्याला परावलंबी केले.

दुसऱ्याच्या जमिनीवर

ॲपल दरवर्षी साधारणपणे सप्टेंबरमध्ये आयओएसची नवी मुख्य आवृत्ती आणते. अँड्रॉइडचीही नवी मुख्य आवृत्ती जवळजवळ दरवर्षी येते. सामान्य ग्राहकाला त्यात नवे चिन्ह किंवा नवी सोय दिसते. ॲपियमची देखभाल करणाऱ्यांना मात्र काय काय मोडले याचा शोध घ्यावा लागतो.

याचे ठळक उदाहरण २०१६ चे. ज्या युआयऑटोमेशनवर ॲपियमचा जन्म झाला होता, ती सोय ॲपलने एक्सकोड ८ मधून काढून टाकली. तिची जागा घेणारे एक्ससीयुआयटेस्ट आदल्याच वर्षी आले होते. प्रकल्पाला आयओएसची बाजू जवळपास पूर्णपणे नव्याने उभारावी लागली आणि १.६ आवृत्तीत नवा ड्रायव्हर आला. जुन्या यंत्रणेबद्दल फारशी हळहळ वाटण्याचे कारण नव्हते. तिच्यात दोन आज्ञांमध्ये सुमारे एक सेकंदाचा विलंब अंगभूत होता आणि तो चुकवण्यासाठीही वेगळी कारागिरी करावी लागे. मात्र अशा आडवाटांवर ओतलेले वर्षानुवर्षांचे श्रम एका झटक्यात निरुपयोगी झाले.

नव्या यंत्रणेनेही स्वतःची बंधने आणली. वेबड्रायव्हरएजंट प्रत्यक्ष आयफोनवर चालवायचा तर त्यावर ॲपलच्या प्रमाणपत्राची डिजिटल स्वाक्षरी लागते. विनामूल्य खात्यावरून केलेल्या स्वाक्षरीची मुदत सात दिवसांत संपते. सशुल्क खात्याला वर्षाला ९९ डॉलर पडतात. तो बांधण्यासाठी मॅक संगणक आणि एक्सकोड हवे. शिवाय वेबड्रायव्हरएजंटचे काही काम ॲपलने जाहीर न केलेल्या अंतर्गत सोयींवर अवलंबून आहे. अशा सोयी पूर्वसूचनेशिवाय बदलण्याचा ॲपलला पूर्ण अधिकार आहे. २०२३ मध्ये आयओएस १७ ने संगणक आणि फोन यांच्यातील संवादाचा मार्गच बदलला, तेव्हा याचा प्रत्यय पुन्हा आला. जुन्या मार्गावर बेतलेली अनेक मुक्तस्रोत साधने अडखळली आणि ॲपियमच्या विकसकांनाही नवा मार्ग समजून घेण्यात बराच काळ घालवावा लागला.

विंडोजवरील अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. तेथे ॲपियम मायक्रोसॉफ्टच्या विनॲपड्रायव्हर या साधनावर विसंबून आहे. मायक्रोसॉफ्टने ते विनामूल्य दिले, पण त्याची मूळ आज्ञावली खुली केली नाही आणि २०२० नंतर त्याचे काम थंडावले. ॲपल जमीन हलवते म्हणून दुरुस्ती करावी लागते, तर येथे दुरुस्ती करण्याची इच्छा असूनही हात बांधलेले आहेत. शेतीच्या भाषेत बोलायचे तर ॲपियम हे कूळ आहे. फरक इतकाच की त्याला संरक्षण देणारा कूळकायदा कोठेही नाही.

दुसरी आणि तिसरी आवृत्ती

या परावलंबनावर प्रकल्पाने शोधलेला उपाय म्हणजे जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली २.० आवृत्ती. पहिल्या आवृत्तीत सर्व ड्रायव्हर सर्व्हरसोबतच बांधलेले होते. आयओएसमध्ये काही मोडले की साऱ्या ॲपियमची नवी आवृत्ती काढावी लागे. ज्याला फक्त अँड्रॉइड हवे त्यालाही आयओएसचे ओझे उतरवून घ्यावे लागे. दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हर छोटा झाला आणि ड्रायव्हर वेगळे निघाले. ज्याला जो हवा तो त्याने स्वतंत्रपणे बसवावा, प्रत्येकाचा आवृत्तिक्रमही स्वतंत्र असावा, अशी ही मांडणी आहे. सर्व्हरच्या वर्तनात भर घालणाऱ्या जोडण्या म्हणजे प्लगिन आले, आणि कोणीही स्वतःचा ड्रायव्हर लिहून तो ॲपियमला जोडू शकेल अशी वाट मोकळी झाली.

हे स्थित्यंतर सुखाचे नव्हते. पहिल्या आवृत्तीची देखभाल जानेवारी २०२२ मध्ये थांबवण्यात आली आणि दुसरी अधिकृतपणे येईपर्यंत दीड वर्ष गेले. या काळात कंपन्यांपुढे दोनच पर्याय होते : देखभाल संपलेली आवृत्ती वापरणे, अथवा बीटा म्हणजे प्रायोगिक शिक्का असलेली आवृत्ती स्वीकारणे. अनेक ठिकाणी चाचण्यांतील पत्त्याच्या शेवटी असलेला जुना भागही बदलावा लागला, कारण नव्या सर्व्हरने तो गाळला होता. बदल किरकोळ असला तरी हजारो चाचण्या बाळगणाऱ्या संघांना त्याची झळ जाणवली.

त्या मानाने तिसरी आवृत्ती शांतपणे आली. तिच्यात कालबाह्य विनंत्या वगळल्या गेल्या, नोड.जेएसची किमान आवृत्ती वाढवली गेली आणि धोकादायक ठरू शकणाऱ्या सोयी चालू करताना त्या कोणत्या ड्रायव्हरसाठी आहेत हे स्पष्टपणे सांगणे बंधनकारक झाले. नव्या सोयींपेक्षा साफसफाईवर भर देणारी ही आवृत्ती आहे. दहा वर्षांहून जुन्या आणि मोजक्या हातांनी चालणाऱ्या प्रकल्पाने असे करणे हे प्रगल्भतेचे लक्षण मानता येईल. जुने टिकवून ठेवण्याचा भार नव्या सोयींच्या मोहापेक्षा जड असतो, याची जाणीव तिच्यात दिसते.

वेगळे काढल्याने जोखीम विभागली गेली, नाहीशी मात्र झाली नाही. आयओएसची गुंतागुंत आता एक्ससीयुआयटेस्ट ड्रायव्हरमध्ये एकवटली आहे आणि तो ड्रायव्हर सांभाळण्यासाठी लागणारे ज्ञान फार थोड्या लोकांकडे आहे.

खर्च कोण उचलतो

सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी ते चालवायला फोन लागतात. वेगवेगळ्या निर्मात्यांचे, वेगवेगळ्या आकारांचे आणि आवृत्त्यांचे शेकडो फोन विकत घेऊन जपणे बहुतेक कंपन्यांना परवडत नाही. या गरजेतून दूरस्थ फोन भाड्याने देणारा व्यवसाय उभा राहिला. सॉस लॅब्स ही त्यातील जुनी कंपनी.

या व्यवसायाचे एक मोठे केंद्र मुंबईत आहे. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी २०११ मध्ये स्थापलेल्या ब्राउझरस्टॅक या कंपनीचे मूल्यांकन जून २०२१ मध्ये ४ अब्ज डॉलर झाले. तिच्या मोबाईल चाचणी सेवेत ॲपियमला महत्त्वाचे स्थान आहे. मायक्रोसॉफ्टने आपली ॲप सेंटर ही सेवा ३१ मार्च २०२५ रोजी बंद केली, तेव्हा तेथे ॲपियमच्या चाचण्या चालवणाऱ्यांनाही नवा घरोबा शोधावा लागला. मायक्रोसॉफ्टने स्वतः सुचवलेला पर्याय ब्राउझरस्टॅकचाच होता. सेवा बंद पडली तरी त्या चाचण्या मोडीत निघाल्या नाहीत, कारण त्या एका खुल्या प्रमाणकानुसार लिहिलेल्या होत्या. फोन कोणाचे हे बदलले, पत्ता आणि काही मांडणी बदलली, बाकी चाचणी बहुतांशी तीच राहिली. मुक्तस्रोताचा लाभ वापरकर्त्याला येथे प्रत्यक्ष दिसला.

मात्र या सौद्याची दुसरी बाजू असमान आहे. ॲपियमवर आधारित सेवा विकून मिळणारा महसूल कंपन्यांचा, तर ॲपल आणि गूगलने काही मोडले की ते जोडण्याचा भार मुख्यतः प्रकल्पाच्या मूठभर विकसकांवर. त्यांपैकी काही जण अशाच कंपन्यांत नोकरीला असतात, काही फावल्या वेळात काम करतात. ब्राउझरस्टॅकसारख्या कंपन्या प्रकल्पाच्या भागीदार म्हणून अर्थसाह्य देतात आणि त्यातून योगदानकर्त्यांना काही मोबदला देण्याची पद्धत प्रकल्पाने आखली आहे. तिचे स्वागत व्हायला हवे, परंतु एखाद्या अनुभवी विकसकाने आपली नोकरी सोडून या कामाला वाहून घ्यावे, अशी हमी त्यातून मिळत नाही. प्रकल्पाच्या इतिहासात एका मुख्य कंपनीने पाठबळ दिले तेव्हा तो वेगाने वाढला. अनेकांचे थोडेथोडे पाठबळ असताना तो अधिक स्वतंत्र, पण अधिक संथ झाला.

सुलभता-यंत्रणेशी नाते

ॲपियमला पडद्यावरील घटक दिसतात ते प्रामुख्याने सुलभता-यंत्रणेच्या साहाय्याने. दृष्टिहीन व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर या सोयी ज्या माहितीवर चालतात, जवळपास त्याच माहितीवर ॲपियमही चालते. एखाद्या बटणाला नावच दिलेले नसेल, तर ते दृष्टिहीन व्यक्तीलाही सापडत नाही आणि चाचणीलाही सहजी सापडत नाही. म्हणून चाचणीयोग्य ॲप हे सुलभ ॲपही असते, असे नेहमी सांगितले जाते.

हे विधान अर्धेच खरे आहे. अँड्रॉइडवर ॲपियमच्या एका प्रचलित शोधपद्धतीत घटकाचे सुलभता-वर्णन खूण म्हणून वापरले जाते. चाचणी सोपी व्हावी म्हणून विकसक कधीकधी त्या जागी एखादे अंतर्गत सांकेतिक नाव भरतात. चाचणी उत्तीर्ण होते, टॉकबॅक मात्र 'पैसे पाठवा' ऐवजी तो सांकेतिक शब्द मोठ्याने वाचून दाखवतो. आयओएसवर खूण आणि वाचले जाणारे वर्णन ही दोन वेगळी क्षेत्रे असल्याने हा घोटाळा टाळता येतो, पण वर्णन मोकळे राहिले तरी चाचणी तक्रार करत नाही. याहून विलक्षण बाब अशी की अँड्रॉइडची स्वयंचलन यंत्रणा चालू असताना इतर सुलभता-सेवा मूळ मांडणीनुसार तात्पुरत्या बंद पडतात. त्या चालू ठेवण्यासाठी चाचणीत वेगळी सूचना द्यावी लागते. ज्या दारातून चाचणी आत शिरते, त्या दारातून दृष्टिहीन व्यक्तीचा मदतनीस त्या वेळी बाहेर गेलेला असतो.

या प्रश्नाला आता कायद्याचे वजन आले आहे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू आहेच; ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. युरोपीय संघाचा सुलभताविषयक कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. बँका आणि प्रवास-सेवा यांच्या ॲपना त्यामुळे सुलभतेचा पुरावा ठेवावा लागेल; ॲपियमची उत्तीर्ण झालेली चाचणी हा तसा पुरावा नव्हे.

त्याच वेळी हे दार अरुंद होत चालले आहे. बँक खात्यांवर डल्ला मारणारी अँड्रॉइडवरील घातक ॲप याच सुलभता-सेवांचा गैरवापर करून पडदा वाचतात आणि परस्पर बटणे दाबतात. त्याला आळा घालण्यासाठी गूगलने अँड्रॉइड १३ मध्ये अधिकृत दुकानाबाहेरून आलेल्या ॲपना ही परवानगी मिळणे कठीण केले आणि अँड्रॉइड १४ मध्ये संवेदनशील घटक अशा सेवांपासून लपवण्याची सोय ॲप-निर्मात्यांना दिली. अनेक बँकिंग ॲप तर विकसकांसाठीचे पर्याय चालू असलेल्या फोनवर उघडायलाच नकार देतात. चोर, चाचणीकार आणि पडदावाचक हे यंत्रणेला फारसे वेगळे दिसत नाहीत. परिणामी बँकांना चाचणीसाठी संरक्षण उतरवलेली वेगळी प्रत तयार करावी लागते, आणि ग्राहकाला मिळणाऱ्या प्रतीचीच चाचणी व्हावी हे ॲपियमचे पहिले तत्त्व तेथेच गळून पडते.

पर्याय

गूगलचे एस्प्रेसो आणि ॲपलचे एक्ससीयुआयटेस्ट थेट वापरले तर चाचण्या अधिक वेगवान होतात, पण प्रत्येक चाचणी दोनदा लिहावी लागते. विक्स कंपनीचे डिटॉक्स रिॲक्ट नेटिव्हवरील ॲपसाठी घडवलेले आहे. अलीकडे लोकप्रिय झालेले माएस्ट्रो साध्या यादीसारख्या मांडणीत चाचणी लिहू देते आणि नवख्यांना ते सोपे वाटते. फ्लटरवर बनवलेली ॲप आपला पडदा स्वतःच रंगवतात, त्यामुळे सुलभतेची माहिती नीट न भरलेले फ्लटर ॲप ॲपियमला जवळपास कोऱ्या कागदासारखे दिसते. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे चित्र पाहून बटण ओळखू लागली आहेत. मात्र ओळखलेल्या जागी प्रत्यक्ष दाब देण्यासाठी त्यांनाही खालचा थर लागतो, आणि अनेकदा तो ॲपियमचाच असतो.

देवनागरी मजकुराची चाचणी

मराठी ॲपच्या चाचणीत काही अडचणी खास आहेत. अँड्रॉइडची मजकूर भरण्याची मूळ आज्ञा केवळ रोमन अक्षरांपुरती होती. देवनागरी भरण्यासाठी ॲपियमने स्वतःचा युनिकोड कळफलक पुरवला. युआयऑटोमेटर२ मध्ये मजकूर थेट चौकटीत ठेवता येऊ लागल्याने त्याची गरज कमी झाली.

मजकूर ताडून पाहताना खरी पंचाईत होते. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो : 'ऱ' या अक्षराला हलन्त जोडून, अथवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही हे दोन प्रकार एक होत नाहीत. 'ऱ' हे अक्षर आणि 'र' खाली नुक्ता देऊन बनवलेले अक्षर ही जोडी प्रमाणीकरणाने एक होते, पण जोडचिन्हाचे रूप वेगळेच राहते. भाषांतरकाराच्या कळफलकातून एक रूप आले आणि चाचणी लिहिणाऱ्याच्या कळफलकातून दुसरे, की निर्दोष ॲपही चाचणीत नापास होते. आकड्यांचेही तसेच : '१०' आणि इंग्रजी अंकांतील दहा हे वाचणाऱ्याला एकच, चाचणीला दोन.

याउलट खरा दोष कित्येकदा निसटतो. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत मराठी शब्द मावत नाही, वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. सुलभता-यंत्रणा अशा वेळीही पूर्ण शब्दच कळवते, कारण तिच्याकडे मजकूर असतो, त्याचे रंगवलेले रूप नसते. 'पुढे चला' असे अपेक्षित होते, 'पुढे चला' असेच उत्तर आले, चाचणी उत्तीर्ण. आणि फोनवर उकाराशिवाय 'पढे चला' उमटलेले असते. हा दोष पकडण्यासाठी पडद्याचे छायाचित्र घेऊन ते आधीच्या छायाचित्राशी ताडून पाहावे लागते. चित्रतुलनेची सोय ॲपियममध्ये प्लगिनच्या रूपात उपलब्ध आहे. मूळ छायाचित्र योग्य आहे की नाही, हे मात्र मराठी वाचता येणाऱ्या व्यक्तीलाच एकदा डोळ्यांनी तपासावे लागते.